न्हाणीत शेवाळ नव्हतं

रामनगर,
१४ डिसेंबर २०२४

चिरंजीव सुदेश यास,

अक्काचा आशीर्वाद. एरवी 'अनेक' लिहिते, या खेपेला एकच पुरे.

इकडे सगळं ठीक. तुझी मळणी उरकली असेल. पंचायतीचा सदस्य झाल्यापासून तू भात झोडायला हात लावत नाहीस असं ऐकते. बरोबरच आहे, हाताला दुसरी कामं असतात.

तुमच्या गावात फोन लागतो तो टेकावरच्या रेंजच्या दगडापाशी, आणि तिथं एकाचं बोलणं दहाजण ऐकतात. म्हणून पत्र. तुझी अब्रू मी अजून इतकी तरी सांभाळते बघ.

धाकलूमामा तुझा निरोप घेऊन आले होते. ताराला समजावून परत धाडायचं, तू गावकरांपुढं, म्हणजे गावच्या पंचांपुढं, माफीचा नारळ ठेवणार, पुन्हा हात उगारणार नाहीस. वा! असे दोन नारळ आधी झालेत. दुसऱ्याची चटणी तुझ्या बायकोनंच वाटली, एका हातानं, कारण दुसरा प्लास्टरमध्ये होता. पंचांनी चाटूनपुसून खाल्ली. मीही खाल्ली.

मामा म्हणाले, "सुनयना, नवरा-बायकोचं हाय त्ये. तू कशाला मधी?"

"मी मधी न्हाई मामा. माझ्या घरात हाय ती. हा च्या तिनंच केलाय, घ्या."

ताराचं सुजलेलं मनगट बशीसकट समोर आलं, तसे मामा छपराची कौलं बघत बसले.

तिनं फोन कसा केला हे गावानं तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. गेल्या वर्षीच्या जागृती कार्यक्रमाची उरलेली पोस्टरं तूच घरी नेलीस आणि डब्यांच्या फळीवर अंथरलीस. 'अत्याचार सहन करू नका', खाली मदतीचा नंबर, वर मिठाचा डबा. मीठ काढता काढता पाठ झाला तिला. गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला सकाळी ती दगडावर गेली. लखू पोरीच्या सोयरिकीचं बोलत होता, बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत. तिनं आवाज बारीक केला नाही. नंबर कर्नाटक सरकारचा, म्हणून स्वच्छ कानडीत स्वतःचं नाव सांगितलं, तुझं सांगितलं, कुठं कुठं मारलंस ते सांगितलं. लखूनं सोयरिकीचा फोन मध्येच बंद केला म्हणे. बारा वर्षं साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मदत केंद्राची गाडी आली, तिला दवाखान्यात नेलं. राहायला कुणाकडं जाल म्हणून विचारलं, तर तिनं माझं नाव सांगितलं. माझं!

तुला राग फोनचा नाही, त्या प्रश्नाचा आहे. आदल्याच दिवशी बाजारकुणंगच्या हॉलमध्ये, यंदाच्या जागृती कार्यक्रमात, तू 'स्त्री ही घरातली देवी' म्हणून टाळ्या घेतल्यास. मग महिला खात्याच्या अधिकारी बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? आणि देवी उठली.

"बाई, माणूस घसरल्यालं न्हाई, तरी दवाखान्यात कुणी घसरलं म्हणून लिवून दिलं आसंल, तर ते बदलता येतंय व्हय?"

बाई म्हणाल्या, "येतं. ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच येऊन खरं सांगितलं, तर फार बरं."

तुला वाटलं, तिनं तुला चारचौघांत उघडं पाडलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तेच मनगट पिरगाळून तू जाब विचारलास.

अरे शहाण्या, प्रश्न तुला नव्हताच. मला होता. मी तिच्या शेजारीच बसले होते, पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा काठ उसवत.

दोन वर्षांपूर्वी, गणेशचवथीच्या आदल्या दिवशी, मीच तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तिला आणि उत्तर दिलं मी. "न्हाणीत घसरली. शेवाळ फार झालंय." ती न्हाणी तारा रोज काथ्यानं घासते, दगडात तोंड दिसतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, उपकार मानते आहे. मग बसमधून मीच तिला तुझ्या दारात आणून सोडली, वर अक्कल शिकवली, "रागीट हाय, पण मनाचा वाईट न्हाई." साऱ्या रामनगरला माझ्या जिभेची धास्ती, आणि त्या दिवशी ती जीभ मी तुझ्या कामाला लावली.

तेव्हा नारळ घरीच ठेव. तारा येणार नाही. काल मी अधिकारी बाईंकडं जाऊन सगळं लेखी दिलं. तुला नोटीस येईल. कोर्टातही हेच सांगेन. तू म्हणशील, अक्का, सख्खी बहीण ना माझी? आहेच. म्हणून तर दोन वर्षं लागली.

कागदावर एक ओळ होती, मारणाऱ्याशी आपलं नातं काय. पेन जरा अडलं. मग लिहिलं, 'थोरली बहीण. न्हाणीत शेवाळ नव्हतं.'

खाली सही केली. तशीच इथं करते.

सुनयना भिकाजी देसाई