झाफीची चादर

१४ जानेवारी

गायले! ऊन टेकडीवर यायच्या आत. आधी ती, मागोमाग तिचा नवरा, मग पलीकडच्या डोंगरावरचं दुसरं कुटुंब. रानातल्या बाबाकुतुंचं, झाडांवरच्या त्या मोठ्या लेमूरांचं, हे रोजचंच. तरी बरं वाटतं. दिवसाचा पहिला आवाज माझ्या एकटीच्या भांड्यांचा नसतो.

१७ जानेवारी

कसाव्याच्या शेतातून त्या जोडीकडे बघत बसले. वरची कोवळी पानं तिची. नवरा खालच्या फांदीवर, तिचं होईपर्यंत गप्प. मध्येच हात पुढे केला तर तिनं एक ठेवून दिली. हसू आलं. माझा नवरा झाफी असता तर म्हणाला असता, "तुझेच पूर्वज गं, दिसतंय." दक्षिणेत नीलम खणायला गेला, त्याला दोन पावसाळे झाले. निरोप नाही.

२२ जानेवारी

सासूबाईंचं पुन्हा तेच. "पोरी, त्याच्या नावाचा दगड उभा करू. माझं लेकरू किती दिवस असं भटकत ठेवायचं?" मी म्हटलं, "जिवंत माणसाचा दगड उभारतात का कुठं?" त्या न जेवता उठून गेल्या. दोघींचा भात शिजवला होता. एकटीनं गिळला.

२ फेब्रुवारी

वादळ. छप्पर राहिलं. बाकी सगळं भिजलं.

३ फेब्रुवारी

आज ती एकटीच गायली. मध्ये थांबली — त्याची जागा सोडून. मग पुन्हा. पलीकडच्या डोंगरानं उत्तर दिलं, जवळून कुणी नाही. मी कान झाकून घेतले.

५ फेब्रुवारी

तिचा नवरा सापडला. वादळात मोडलेल्या झाडाखाली. बाबाकुतु आमच्यातलाच, त्याला माणसासारखं कापडात गुंडाळून पुरायचं. गावचे थोरले रबेझाना आजोबा दारोदार कापड मागत आले. सगळ्यांचं चिखलात गेलेलं. शेजारची सुआवेलू म्हणाली, "तुझ्या पेटीत आहे की एक. कुणासाठी जपतेस?"

तिचा असा राग आला! मग पेटी उघडली. झाफीची रेशमी चादर. तो आला की त्याच्या खांद्यावर टाकायची म्हणून ठेवलेली, अजून त्याच्या तंबाखूचा वास होता. दिली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याचं कापड बायकोनं मातीला दिलं, म्हणजे तिनं काय कबूल केलं ते इथं लहान पोरालाही कळतं. आजोबांनी विचारलं, "नक्की ना, पोरी?" मी वेण्या सोडल्या, विधवा सोडते तशा. सासूबाईंनी मला जवळ घेतलं. माती पडायला लागली आणि मी धाय मोकलून रडले. बाबाकुतुसाठी नाही.

९ फेब्रुवारी

दगड ठरला. सासूबाई स्वतः भात घेऊन आल्या, शेजारी बसून जेवल्या. जेवणावर प्यायचं करपलेल्या भाताचं पाणीसुद्धा त्यांनीच उकळलं. त्या गेल्या, आणि पहिल्यांदाच मी वाटेकडे बघितलं नाही. वाट बघायची होती तेव्हा निदान काहीतरी काम होतं. आता दिवसभर करू काय? रानात ती अजून गातेय. तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

झाफी आला. वाळलाय. दारात बोचकं ठेवलं, माझ्या मोकळ्या केसांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"