धबधब्याच्या वरची टाचणी

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून फोनऐवजी पत्र. मी वेळेवर जेवते आहे. तू बीपीची गोळी घेतेस ना?

दादा डोंगरात हरवला त्या दिवशी त्याने मला एक फोटो पाठवला होता, नेहमीसारखं 'ओळख बघू' म्हणून. मी 'टाचणी' एवढंच लिहिलं आणि कामाला लागले. टाचणी म्हणजे तुझ्या शिवणाच्या डब्यातली नव्हे, चतुराची सडपातळ बहीण.

आज तो फोटो इथल्या कॉलेजातल्या कीटकांच्या सरांना दाखवला. शेपटीवरचा निळा पट्टा मोठा करून बघत ते म्हणाले, "ही धबधब्याच्या वरच्या ओढ्यावरच राहते. खाली कधी दिसत नाही." आणि शोधणारी माणसं पाच दिवस त्या डोंगरातल्या धबधब्याच्या खालीच फिरताहेत. मी त्यांना लगेच कळवलं, उद्या उजाडताच सगळे वर जातील.

फोटोत ती टाचणी दादाच्या गुडघ्यावर, तू लावलेल्या ठिगळावर बसली आहे. सर म्हणाले, "टाचणी हलत्या माणसावर बसत नाही." मी म्हटलं, म्हणजे तो निवांत बसला असेल. सर आता दादाचा गुडघा मोठा करून बघू लागले.

बाबांना एवढंच सांग, ओढा सापडला.

तुझी,
धाकटी