सात इंचांचा शत्रू

११ ऑगस्ट, सोमवार. मेहकर.
आजपासून शिस्त. २९ तारखेला बुलढाण्यात पन्नाशीवरच्यांची तिरंदाजीची निवड. तीस बाण, तीनशे गुण, पहिले चार अमरावतीला जाणार. त्यात मी. ऑफिसात सांगूनही टाकलं. तीस वर्षं पंचायत समितीत खुर्ची झिजवली, नावावर साधा एक कप नाही. रिटायर होण्याआधी एक पाहिजे म्हणजे पाहिजे.
धनुष्य लाकडी रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेली. दोरीचं सेटिंग आज स्वतः केलं. पीळ काढला की दोरी लांबते, मुठीच्या जवळ येते, बाणाला वेग जास्त. मोबाइलवर पाहिलं आहे. म्हणून मूठ ते दोरी अंतर आठ इंचांवरून सात. मैदानावर शिकवणारे प्रेमानंद सर म्हणाले, आठच ठेवा इंद्रभानभाऊ, नाहीतर दोरी हातावर बसन. निदान हातावर चामड्याचा आर्मगार्ड तरी बांधा.
आर्मगार्ड नवशिक्यांसाठी. पण सर आठवर इतके का अडून बसले? शेजारचा नागसेनही निवडीला उतरला आहे, आणि सर त्याचे साडू. समजायचं ते समजलो.
गुण १३८. डाव्या हाताला जरा लागलं. दोरी उतरवून सगळं ओसरीतल्या खुंटीला टांगलं.

१२ ऑगस्ट, स. ६.१०
दोरी चढवली, पट्टी लावली. आठ इंच! दुसऱ्यांदा मोजलं, तरी आठ. ऑफिसची स्टीलची पट्टी आहे, ती खोटं बोलत नाही. कोणीतरी पीळ भरला.
पीळ काढायला वेळ नव्हता, तशीच नेली. गुण २१२. एवढ्या कारस्थानातही २१२! याला म्हणतात मनोबल.
संध्याकाळी पुन्हा सात.

१४ ऑगस्ट
पुन्हा आठ. गुण २१७.
संशयित: १) नागसेन. ओसरीची भिंत सामाईक, उडी मारली की आत. परवा त्याचा सिलिंडरचा पाना परत मागायला आला होता, तेव्हा खुंटीकडे बघत होता. २) प्रेमानंद सर. ३) दूधवाला. याचा हेतू अजून सापडलेला नाही.
बायकोला, अन्नपूर्णाला, विश्वासात घेतलं. म्हणाली, काऊन कोणी येईन जी तुमच्या दोरीले हात लावाले? बायकांना राजकारण कळत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
काल सापळा लावला. दोरीवर बारीक हळद चोळून ठेवली. चोराची बोटं पिवळी होणारच.
सकाळी पुन्हा आठ. नागसेनकडे जाऊन हात बघितले. कोरडे, स्वच्छ. म्हणजे धुतले. संशय पक्का.
घरात फक्त अन्नपूर्णाची बोटं पिवळी होती. पण ती रोज माझ्या हाताला हळद लावते, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही. गुण २१४.

२० ऑगस्ट, बुधवार
अन्नपूर्णा पोळ्यासाठी माहेरी, हिवरा आश्रमाजवळ. सासऱ्यांची बैलजोडी आहे. दरवर्षी कासरे वळायला हिलाच बोलावतात. अंबाडीच्या दोराला हिच्यासारखा पीळ घरात कोणाला जमत नाही म्हणे. जाताना तीनदा म्हणाली, आर्मगार्ड घालजा. हो म्हटलं. संध्याकाळी सात केलं.

२१ ऑगस्ट
मोजलं. सात! शत्रू घाबरला.
गुण १२९. वारा होता.

२२ ऑगस्ट, पोळा
आजही सात. गुण ११६. गावात डफडी वाजत होती, चित्त लागेना. हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा. डाव्या हाताने बादली उचलवत नाही.
महत्त्वाचं: नागसेनही पोळ्याला गावी गेला आहे. तो नाही, तर छेडछाड नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

२४ ऑगस्ट
अन्नपूर्णा आली. हात बघून पिशवी तशीच टाकून हळद गरम करायला गेली. नागसेनही आला. दोरी सातवर ठेवून मुद्दाम वाट बघतोय.

२५ ऑगस्ट
आठ! केस बंद. गुण २२१. सर म्हणाले, असंच राह्यलं तर तुमी चौघात पक्के. साडूला वाचवायला गोड बोलतात.

२८ ऑगस्ट, संध्या. ७
निर्णायक पाऊल. उद्यासाठी अंतर पावणेसात, आणखी वेग. धनुष्य आणि दोरी लोखंडी कपाटात. किल्ली करदोट्याला.
अन्नपूर्णाने किल्ली मागितली, साडी काढायची म्हणून. साडी मीच काढून दिली. मग म्हणाली, पोलकं राह्यलं. तेही दिलं. मग रुमाल. आज हिला किती कपडे लागतात!

२९ ऑगस्ट, शुक्रवार
९४.
एकोणीस जणांत एकोणिसावा. प्रत्येक बाणाला दोरी हातावर. बाराव्या बाणानंतर नागसेनने स्वतःचा आर्मगार्ड काढून दिला, म्हणाला, घाला ना भाऊ, मले पाहवत नाही. घेतला नाही. चौथा नंबर २०८ गुणांवर गेला. नागसेन सहावा. जिंकायला घरफोडी करणारा माणूस सहावा कसा येतो, एस.टी.त हाच विचार.
घरी अन्नपूर्णाने गरम पाण्यात मीठ टाकून हात शेकला. शेकता शेकता रडायला लागली. म्हणाली, रोज मीच पीळ भरत होती. तुमच्या हातावरचे वळ पाहवत नव्हते. सरायनं आठ सांगतलं होतं, मंग मी बोटानं मोजून आठ करो. काल लय मांगली किल्ली, तुमी देल्लीच नाही.
आधी का सांगितलं नाहीस, म्हटलं. म्हणाली, सांगतलं असतं तं तुमी दोरी कपाटात ठेवली असती.
मला पोरासारखं रडू आलं.

३० ऑगस्ट
किल्ली तिला देऊन टाकली. सिलिंडरचा पाना आपल्याकडेच राहिला होता, तोही नागसेनला नेऊन दिला.
धनुष्य खुंटीला. मोजलं नाही. आठच असेल.