चूक आहे तिथपर्यंतच

अण्णा, काल आमच्या अकोट्याच्या सोसायटीत एका चोराला शिक्षा काय द्यायची यावर दोन तास भांडण झालं आणि सेक्रेटरीच्या खुर्चीत मी होते. तुम्ही असतात तर हसला असतात. जन्मभर तुरुंगात कैद्यांना सतरंज्या विणायला शिकवणाऱ्या माणसाची लेक, आणि तिला एका चोराचं काय करावं ते सुचेना! चोर म्हणजे आमचा प्लंबर, दहा वर्षं घरोघरी येणारा. परदेशी गेलेल्यांच्या बंद फ्लॅटची चावी विश्वासानं त्याच्या हाती दिली, तर पठ्ठ्यानं तिथले पितळी नळ काढून प्लास्टिकचे बसवले. विचारल्यावर खाली मान घालून कबूल झाला. माझं डोकं असं फिरलं की नोटीस मीच टाइप केली, त्याच्या फोटोसकट. ती दरवाज्यावर लावायची आणि आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायची, म्हणजे पुन्हा कोणी त्याला दारात उभं करणार नाही.

"दाखलो बेसाडवो पडे, बेन," तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणत होते, "नहीं तो काले बीजो करशे." माझी मान डोलत होती. एकाला अद्दल घडली की दहा सरळ चालतात, हेच तर आई म्हणायची. तेवढ्यात कोपऱ्यात हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला तो पहिल्यांदा बोलला. "सजा जे आपो ते. पण फोटो नहीं, बेन. मारी दीकरी आ ज रस्ते निशाळे जाय छे." त्याची मुलगी रोज आमच्याच दरवाज्यावरून शाळेत जाते, हे मला ठाऊक होतं. मी तिला ओळखते, दोन वेण्या, पाठीवर हे एवढं दप्तर. आणि अण्णा, मला एकदम ते सीताफळ आठवलं.

खंडेराव मार्केटात तुम्ही मेथी निवडताय, मी आठ वर्षांची, आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली मी एक सीताफळ हळूच सरकवते. घरी स्वयंपाकघरात आई पिशवी ओतते आणि ते गडगडत तुमच्या पायाशी येतं. आई लाटणं घेऊनच उठली. "साऱ्या गल्लीला सांगते, म्हणजे पुन्हा धजायची नाही कारटी!" तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तिला कळलं म्हणजे झालं. गल्लीचं इथे काय काम?" एवढंच म्हणालात आणि मला सायकलवर बसवून परत बाजारात, त्या सीताफळवालीकडे नेलंत. "मासी, आ छोकरी तमारुं फळ पाछुं आपवा आवी छे." बोलणं तुमचं, पण फळ द्यायचं माझ्या हातांनी. मग दुपारपर्यंत त्या मासींच्या शेजारी बसून मी वाटाणे सोलले. रडून रडून नाक लाल.

परतताना तुम्ही तुमच्या मागावरची गोष्ट सांगितलीत. विणताना माणूस चुकला तर तुम्ही चूक आहे तिथपर्यंतच उसवायला लावायचात. सगळी सतरंजी उसवायला लावली तर तो परत मागावर बसत नाही, आणि चूक तशीच सोडली तर पुढची सगळी वाकडी जाते. त्यानंतर सीताफळाचा विषय तुम्ही मरेपर्यंत काढला नाहीत. उलट पुढच्या रविवारी त्याच मासींपुढे पिशवी माझ्या हातात दिलीत, "निवड." त्या एका शब्दाचे उपकार फिटायचे नाहीत, अण्णा.

तुमच्या हातचा एक कैदी सुटून वर्षभरात परत आत आला होता, तेही मला आठवतं. "बघा तुमची शिकवण!" आई म्हणाली. "सतरंजी मात्र सरळ विणतो गं," म्हणून तुम्ही भाकरी मोडलीत. म्हणून काकांनी जेव्हा विचारलं, "फरी चोरी करे तो?" तेव्हा तो पुन्हा करणार नाही अशी खोटी हमी मी दिली नाही. सीताफळाची गोष्ट तेवढी सांगितली. दोन मतांनी फोटो लावणं टळलं. पितळी नळ त्यानं आमच्या देखत परत बसवायचे आणि वर्षभर बंद घराची चावी त्याला एकट्याला द्यायची नाही, असं ठरलं. नोटीस मी तिथेच फाडली.

पण गोष्ट सांगताना मी "माझ्या ओळखीची एक मुलगी" असं म्हणाले. साठी आली, तरी एका सीताफळासाठी स्वतःचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही, आणि त्याची अब्रू मात्र वेशीवर टांगायला निघाले होते. आज सकाळी तो नळ बसवून सांगायला आला. मी चहा दिला. जाताना दारात थांबून त्यानं त्या मुलीसाठी निरोप दिला, "बेन, पेली छोकरीने मारा तरफथी आभार कहेजो."

मी "कहीश" म्हणाले आणि त्याचा कप उचलून आत गेले.