तिसऱ्या वेळची शेवटची ओळ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. देवापाशी दिवा लावला, आजचा किराणा हिशेबात मांडला, आणि नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं टाकून द्यायला मन होईना म्हणून त्यांच्यावरच लिहिते आहे. नात अकरावीला आहे, कॉमर्सला. दुपारी मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याजवळ पुस्तक घेऊन वैतागली होती. "आजी, घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम म्हंजे काय वं? डोक्यातच शिरून नाही राह्यला." मी हात न थांबवता तुमचं पद म्हणायला लागले:

पहिली भाकर अमृताची, दुसरी लागे बरी,
तिसरीला गं पोट म्हणे, ठेव झाकून घरी.

ती बघतच राहिली. "हे तुले कोनं शिकवलं?"

तुम्ही तरुणपणी संगीत नाटकांच्या कंपनीत पेटी वाजवायचात. अनसिंगला आमच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवायला आलात तरी नाटक काही सुटलं नव्हतं. शाळेत पेटी कुठली, टेबलावरच ताल धरायचात, आणि धड्यागणिक नाटकाच्या चालीवर स्वतः रचलेलं एक पद. मागणी म्हणजे रुसकी नायिका, भाव चढला की मागे सरणारी. पुरवठा म्हणजे हावरा नायक, भाव चढला की पुढे येणारा. दोघं जिथे भेटतात तो बाजारभाव. आणि या नियमाच्या वेळी म्हणालात, "नाटकात लोक ओरडतात तसं वन्स मोअर ओरडा." आम्ही ओरडलो. दरवेळी गाऊन झालं की विचारायचात, अजून कोणाला हवं, हात वर करा. तिसऱ्यांदा हात कमी झाले. "गाणं तेच, गळा तोच, मग हात कुठे गेले? हाच तो नियम." मी उठून विचारलं होतं, सर, आरती रोज तीच असते, तिची गोडी कुठे कमी होते? तुम्ही हसून म्हणालात, "खरं आहे, पण पेपरात लिहू नकोस. तपासणाऱ्याला देव भेटलेला नसतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. तेच पद पुन्हा चाललंय आणि वर्गाच्या दारात बाबा उभा. वांग्याचा तोडा सुरू होता, घरात माणसं कमी, त्यात कोणीतरी त्याच्या कानात घातलेलं की मास्तर पोरींना नाटकातली गाणी शिकवतो. "चाल वं, दप्तर घे. वांगे झाडावर जून होऊन राह्यले अन् इथं गाने चालू हायेत. बस झाली शाळा." मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आहे. आज उठले की पुन्हा या बाकावर बसायचं नाही, हे मला कळतंय. दप्तराचा पट्टा हातात घट्ट धरलाय. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "न्या भाऊ, पोरगी तुमची हाय. पन उनातून आले, पानी घ्या, एक पद आयका, मंग न्या."

बाबा मागच्या बाकावर अवघडून बसला. पद संपलं तरी उठेना. मग खाली बघत म्हणाला, "पुन्यांदा म्हना." तुम्ही म्हटलंत, आणि विचारलंत, "आता सांगा भाऊ, गोडी कमी झाली का नाही?"

"मास्तर, खोटं कायले बोलू? आता त लय बेस वाटलं. अजून एक डाव होऊ द्या."

वर्ग हसून लोटपोट. कोणीतरी ओरडलं, "सर, नियम गेला वांग्याच्या भावानं!" तुम्हीही डोळे पुसत हसलात. "हा अपवाद. लिहून घ्या रे." मग बाबाच्या बाकाजवळ गेलात, त्याच्याकडे बघत तिसऱ्यांदा गायलात, आणि शेवटची ओळ नट मंडळी आयत्या वेळी बदलतात तशी बदललीत. टाळ्यांचा एकच गलका झाला. बाबानं मान खाली घातली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि उठला. "पेपर होईस्तोर येऊ द्या तिले. वांग्याचं मी पाह्यतो." दारातून वळून मला म्हणाला, "अन् सांजच्याला हे गानं मायले म्हनून दाखव."

मी मॅट्रिक झाले. पुढे लग्न, वाशिम, संसार. त्या दिवसाच्या जोरावर घरचा सगळा हिशेब आजही माझ्याकडे आहे. कधी भाव करताना, कधी देव घासताना, पद तोंडात असतंच. नातीनं आज ते पूर्ण उतरवून घेतलं. शेवटची ओळ मी सांगितली:

शिकण्याची भूक मात्र खाता होई दुहेरी.

"ही बी सरायचीच ना?" तिनं विचारलं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि हो म्हणाले.

पत्ता नाही, तेव्हा हे पान देवघराच्या फळीवर राहील. सर, आईला त्या संध्याकाळी म्हणून दाखवायचं होतं, म्हणून ती ओळ मीच जुळवली. तुमची मला ऐकूच आली नव्हती. मी बाबाच्या तोंडाकडे बघत होते.