नवं गॅस्केट

४ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघेही ठीक आहोत. तिकडची उबदार हवा तुमच्या छातीला मानवली, असं वन्संनी कळवलं. वाचून जीव हलका झाला. त्यांनी हेही कळवलं, की तुम्ही त्यांचं शिलाई मशीन खोलून परत जोडलंत आणि एक स्क्रू उरला. तो कुठला, या विचाराने त्या हैराण आहेत.

फोनच केला असता, पण तुमचे कान आणि फोन यांचं कधी जमलं नाही, म्हणून कागद बरा. गॅरेजातला हीटर रुसलाय. तुम्ही मोडीतल्या ट्रकमधून काढून भिंतीला बसवलेला, तोच सुटकेसएवढा. दोन वर्षं डिझेल आणि गाळलेलं जळकं ऑइल मुकाट्याने जाळत होता. आता सुरू केला की पंप टिकटिक करतो, पंखा फिरतो, बाहेरच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि पाच मिनिटांत सगळं गप्प. थंडी अशी, की सकाळी पान्हा हातात धरवत नाही.

इंजिन खोलण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण हीटरपाशी जायला तयार नाहीत. म्हणतात, ते बाबांचं खेळणं, बिघडलं तर बोलणी कोण खाणार? तेव्हा मीच करीन म्हणते. आजवर पंक्चर आणि बॅटऱ्या सोडून काही खोललेलं नाही, म्हणून अगदी अडाण्याला सांगावं तसं लिहा. चिमणी तीनला शाळेतून येते आणि संध्याकाळपर्यंत गॅरेजातच असते. निदान तिच्यासाठी तरी ऊब हवी.

तब्येतीला जपा आणि लवकर लिहा.

आपली,
सूनबाई

९ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आशीर्वाद.

तो स्क्रू मशीनचा नव्हताच, माझ्या चष्म्याचा होता. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना काच मांडीवर पडली तेव्हा कळलं. तुझ्या वन्संना अजून सांगितलेलं नाही.

आता कामाचं. पांढरा धूर म्हणजे तेल जळत नाही, नुसतं तापून बाहेर पडतंय. आत कार्बन साचलाय. जळकं ऑइल जाळलं की काजळी ही धरायचीच. आधी हीटर पूर्ण गार होऊ दे आणि बॅटरीची तार काढ. कवच उघड. बाजूला पेटवणारा प्लग आहे, तो सोडव. त्याच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी आहे. सगळं दुखणं बहुतेक तिथेच सापडेल. तिला खिळ्याने टोचू नकोस. रॉकेलमध्ये भिजव आणि मग हवा मार. जाळीतून उजेड दिसला पाहिजे.

मग चार बोल्ट काढून जळणाचं भांडं बाहेर घे. पातेल्याच्या बुडाशी करपलेलं लागतं तसा कार्बन दिसेल. लाकडाच्या चिपेने खरवड, मग पितळी ब्रश. स्क्रू ड्रायव्हर घालून ओरखडे पाडू नकोस. भांडं आणि कवच यांच्यामध्ये सांधा हवाबंद करणारं एक पातळ गॅस्केट आहे. फाटलं नसेल तर पुसून तेच बसव, मी दोनदा तसंच केलंय.

ऑइल पिंपात तीन आठवडे निवू दे, खालचं पाणी सोडून दे, वरचं कापडातून गाळ. दोन भाग डिझेल, एक भाग ऑइल, याहून जास्त हाव नको. रोज बंद करण्याआधी दहा मिनिटं नुसतं डिझेल मोठ्या आचेवर जाळायचं, म्हणजे काजळी आतल्या आत जळून जाते. आणि पंखा आपणहून थांबेपर्यंत तार ओढायची नाही.

प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते कागदावर लिहून ठेव. माझ्या लेकाला मी ओळखतो, तो मध्येच हात घालायला येईल. येऊ देऊ नकोस.

माझ्या चिमणीला एक पापा. सगळे सुखात असा.

तुझा,
बाबा

१४ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हीटर पेटला. पहिल्याच दमात. आत ज्योत धरल्याचा तो घूं आवाज आला आणि मी तिथेच फतकल मारून बसले. मूल जन्मल्यावर सुईणीला काय वाटत असेल, ते थोडंसं कळलं.

जाळी पूर्ण बुजली होती. भांड्यातून डबाभर काजळी निघाली. मी कोपरापर्यंत काळी, नाकाचा शेंडा काळा, आणि त्याच अवतारात एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, की मेकॅनिक कुठे आहेत? मी म्हटलं, समोर उभे आहेत. ह्यांनी खरंच दोनदा हात घालायचा प्रयत्न केला. मी तुमचं पत्र दाखवलं, तेव्हा मागे सरले.

तुमचे उपकार कसे मानू कळत नाही, बाबा. आता शटर अर्धं उघडं ठेवायची गरज नाही, पूर्ण ओढून घेतो. आत स्वेटर काढून काम करता येतं. फक्त दुपारनंतर हे डोकं धरून बसतात. मी म्हणते, चष्मा लागला, ते म्हणतात, तुझ्या बडबडीने. मलाही चार वाजले की मळमळतं, पण बाहेर एक चक्कर मारली की बरं वाटतं. शेजारच्या लाँड्रीवाल्या मावशी हे ऐकून डोळे मिचकावतात. तसं काही नाही, तुम्ही आशेवर राहू नका.

चिमणीची मात्र चैन आहे. ट्रकच्या जुन्या सीटवर अभ्यासाला बसते आणि अर्ध्या तासात गाढ झोपते. काल हाका मारून उठेना, शेवटी ह्यांनी उचलून वर नेलं. गाल तर असे गुलाबी झालेत, की पाहत राहावं.

तुमचा खोकला कसा आहे ते जरूर कळवा. मायेचा हात असाच डोक्यावर असू द्या.

आपली,
सूनबाई

१८ डिसेंबर, संध्याकाळ

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

माझं बोलणं तुम्ही फोनवर ऐकलंत, तुमचं मला ऐकू आलं नाही. म्हणून आता लिहितो. लिहिल्याशिवाय हात थांबणार नाही.

तुझं पत्र आज साडेतीनला आलं. दारातच उघडलं. तू काळी झालीस तिथपर्यंत हसत होतो. डोकेदुखीचं वाचलं आणि थांबलो. बाहेर गेल्यावर बरं वाटतं, ही ओळ पुन्हा वाचली. चिमणीच्या गालांपर्यंत आलो तेव्हा घड्याळाकडे पाहिलं. तिची यायची वेळ होऊन गेली होती.

जळणाचा वायू आत येत होता, पोरी. त्याला रंग नाही, वास नाही. भांड्याचं गॅस्केट धरत नसलं, की तो बाहेरच्या नळीने न जाता गरम हवेबरोबर खोलीत येतो. गाल गुलाबी दिसतात, माणूस पेंगतो, आणि त्यातून उठतोच असं नाही.

तुझ्या वन्संना नंबर फिरवायला लावला आणि मी ओरडत सुटलो. हीटर बंद कर, शटर उघड, पोरीला बाहेर काढ. हेच पुन्हा पुन्हा. पलीकडे कोणी आहे की नाही, हेही मला कळत नव्हतं. शेवटी तिने रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. ऐकता ऐकता तिने कागदावर लिहिलं, सगळे बाहेर आहेत. मग पेन्सिल थांबली. ती ऐकत राहिली आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. माझं वय त्या वेळात वाढलं. मग तिने लिहिलं, चिमणी बोलली.

तेच गॅस्केट बसव, हे मी लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं. दोनदा माझं निभावलं ते नशिबाने, आणि मी ते अनुभव म्हणून तुला शिकवलं. जळणाचं भांडं उघडलं की गॅस्केट नवंच घालावं लागतं, हे कोणालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

चिमणी कशी आहे ते उलट टपाली लिही. खरं लिही.

बाबा

१९ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

चिमणी छान आहे. हे पहिलं लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल.

फोन ह्यांनी घेतला. मी गाडीखाली आडवी होऊन काम करत होते, तुमचा आवाज मला तिथवर ऐकू आला. तुमच्या लेकाला तुम्ही ओळखता. पाऊस पडतोय म्हटलं तरी ते खिडकी उघडून खात्री करतात. पण काल त्यांनी एक शब्द विचारला नाही. रिसीव्हर टाकला, हीटर बंद केला, शटर वर ढकललं. मी चिमणीला उचललं तर तिचं डोकं माझ्या खांद्यावरून घरंगळलं. मी हाक मारली की नाही, मला आठवत नाही. लाँड्रीवाल्या मावशी म्हणतात, की मी तिचं नाव घेत रस्त्यावर आले.

मावशींच्या बाकावर तिला ठेवलं, तोवर ह्यांनी आत जाऊन लोंबत्या रिसीव्हरमध्ये सगळे बाहेर आहेत, एवढं सांगितलं. त्या तिचे तळपाय चोळत होत्या, मी पाठ. गार वारा तोंडाला लागला आणि तिने डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलली असेल? माझा दुसरा बूट कुठे आहे? ह्यांनी धावत आत जाऊन तेच तुमच्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन फुटपाथवर बसून रडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तिला तीन तास ऑक्सिजन लावला, आम्हा दोघांनाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की तुमच्या हे लक्षात कसं आलं? हे म्हणाले, टपालाने. त्यांना ती थट्टा वाटली. बाई म्हणाल्या, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं.

गॅस्केटचं आणि गुलाबी गालांचं वन्संनी रात्री पुन्हा फोन करून सांगितलं, तुम्ही स्वतःला दोष देत बसलाय हेही. आता माझं ऐका. त्या गॅस्केटचा एक कोपरा चिरलेला मी पाहिला होता. तुम्ही लिहिलं होतं, फाटलं नसेल तर. मी मनाशी म्हटलं, चिरणं म्हणजे काही फाटणं नव्हे. नवं मागवलं तर चार दिवस जाणार आणि मला त्याच संध्याकाळी हीटर पेटलेला हवा होता, ह्यांच्या नाकावर टिच्चून. हे मी कालपासून कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिलं सांगतेय. तेव्हा सगळा दोष एकट्याने घेऊन बसू नका, त्यात माझाही वाटा आहे. आणि चिमणीच्या गुलाबी गालांचं वाचून जगात तुम्ही एकटेच घाबरलात. आम्ही दोघं रोज ते गाल पाहून खूश होत होतो.

आज सकाळी ती शाळेत गेली. मी दारात उभी राहून ती वळेपर्यंत पाहिलं. बाबा, तुमचे पाय धरायला मी तिथे हवी होते.

आपली,
सूनबाई

११ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

नवं गॅस्केट आलं, तीन आणले. हीटर परत खोलला, सांध्यांच्या जागा काचेसारख्या स्वच्छ केल्या, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. बाहेरच्या नळीचा पट्टाही बदलला. भिंतीला वायू ओळखणारा भोंगा लावलाय. हे रोज सकाळी त्याचं बटण दाबून तो ओरडतो की नाही ते पाहतात आणि रोज दचकतात. शटर वीतभर उघडं असतं, मग थंडी वाजली तर वाजो. चिमणी आता वर घरातच बसून अभ्यास करते.

खरं सांगायचं ते वेगळंच. मावशींकडेही कपडे वाळवायला असलाच एक हीटर आहे. मी म्हटलं, उघडून पाहू का? त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. बाबा, त्यांच्या हीटरला गॅस्केटच नव्हतं. कोणी तरी साफ करून तसाच जोडून दिला होता. गेला महिनाभर त्यांना सकाळी चक्कर येत होती आणि त्या म्हणत होत्या, वय झालं. त्या एकट्याच राहतात, तिथेच मागे झोपतात.

आपल्याकडच्या तीन गॅस्केटांपैकी एक मी त्यांना बसवलं. परवा त्या सांगत होत्या, की आता वय कमी झाल्यासारखं वाटतंय. तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि तुमच्यासाठी एक मफलर विणायला घेतलाय. मी म्हटलं, तिकडे ऊन असतं. त्या म्हणाल्या, मग उन्हात घालतील.

आता गल्लीतले आणखी चौघे रांगेत आहेत. आपली माया अशीच राहू द्या.

आपली,
सूनबाई

१७ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुझ्या वन्संना वाचायला दिलं, मग खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या गृहस्थांना बळेच वाचून दाखवलं. ते म्हणाले, तीस वर्षं टपाल वाटलं, पण त्याने कोणाचा जीव वाचल्याचं प्रथमच ऐकतोय.

गॅस्केटच्या कोपऱ्याचं तू लिहिलंस ते बरं केलंस. चूक लपवणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले, मीही त्यातलाच होतो. तू लिहिलंस म्हणून माझ्याही छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. उरलेलं निम्मं मला बाळगू दे, ते कामाचं आहे.

एक जुनी गोष्ट. लग्नानंतर तू पहिल्यांदा गॅरेजात आलीस तेव्हा मी ह्याला म्हटलं होतं, की हिला वर पाठव, इथे हिचं काय काम. तू जिन्यावर उभी होतीस आणि तू ते ऐकलंस, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत तू त्याचा उच्चार केला नाहीस. बॅटऱ्या उचलत राहिलीस. माझी नात आज शाळेत जाते आहे, शेजारची बाई सकाळी धड उठते आहे, हे तू जिना चढून परत गेली नाहीस म्हणून. तुझा मी ऋणी आहे. सासऱ्याने सुनेला असं लिहायची पद्धत नसेल, तरी लिहितो.

आजवर पाकिटावर मी ह्याचंच नाव घालत आलो. आज पहिल्यांदा तुझं घातलंय आणि पुढे 'मेकॅनिक' असं लिहिलंय. पोस्टमन गोंधळला तर त्याला म्हणावं, बरोबर पत्त्यावर आला आहेस.

मफलर मिळाला की घालीन. सगळ्यांना जप.

तुझा,
बाबा