नगाऱ्यांच्या मागची खुर्ची

प्रिय टाचणी,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू "हं, बोला बाबा" म्हणतेस आणि तुझ्या मागे कुणीतरी वाद्य लावत असतं. मग मी "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून देतो आणि जे बोलायचं राहिलं ते दिवसभर मशीनला ऐकवत बसतो. म्हणून म्हटलं, लिहावंच. माझी शाळा तुला ठाऊक आहे, जोडाक्षरं निम्मी शिकवून झाली आणि मला दुकानात बसवलं. तेव्हा चुका पोटात घाल. ओळी वाकड्या गेल्या असतील तर तो कागदाचा दोष. हल्ली वहीच्या रेघा फार फिक्या छापतात.

तुझ्या कार्यक्रमाचं तिकीट पोचलं. पहिली रांग, बरोबर मधली खुर्ची. आपले इस्त्रीवाले काका ते दोन बोटांत धरून बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ही जागा मंत्र्याच्या सासऱ्यालासुद्धा मिळत नाही." मी ते आधी मशीनच्या खणात ठेवलं. मग वाटलं, तेलाचा डाग पडेल, म्हणून गादीखाली ठेवलं. मग वाटलं चुरगळेल, म्हणून कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली हरवेल या धास्तीने दोन्ही किल्ल्या गळ्यात घालून फिरतोय. काका म्हणतात, आता तुमच्यासाठी पहारेकरी ठेवा. कोटही तयार आहे. काळा, तुला आवडतो तसा हलका, अस्तर रेशमी. फक्त हातशिलाई थोडी काजं करणाऱ्या मावशींकडून करून घेतली. त्यांच्या टाक्यात माझ्यापेक्षा सफाई आहे. दुकानातला दिवाही जरा मंद झालाय, बदलून घ्यायचाय.

आपल्याच गावात तू पहिल्यांदा ऑर्केस्ट्रासमोर काडी उचलणार, हे अजून माझ्या डोक्यात नीट बसत नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा उचललीस ती आपल्या दुकानात, आणि ती काडी नव्हती, कापड मोजायची पट्टी होती. तेव्हा तीन मशीनं चालायची. तू शाळेतून आलीस की कटिंगच्या टेबलाखाली बसायचीस, आणि एक दिवस टेबलावर चढून उभी राहिलीस. पट्टी वर केलीस तशी तिन्ही मशीनं थांबली, कारण कारागिरांना वाटलं, पोरगी पडतेय. तुला वाटलं, तुझ्यामुळे थांबली. मग तो खेळच झाला. तू पट्टी हलवलीस की एक मशीन हळू, दुसरं जोरात, आणि तू डोळे मोठे करून काकांकडे बघितलंस की त्यांनी ओल्या कापडावर इस्त्री टेकवायची, फुस्स. तुझी आई डबा घेऊन आली की दारातच कपाळाला हात लावायची. "हिच्या नादाने आज किती बाह्या उलट्या लागल्या?" लागायच्याच एकदोन. मी रात्री उसवायचो. पण कारागिरांनी कधी कुरकुर केली नाही. ते म्हणायचे, पोरगी आली की काम उरकतं.

मग व्हायोलिन आलं, आणि शाळेतला तो कार्यक्रम. तो तू विसरली असशील. मी नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, अगदी तुझ्यासमोर. तू सुरुवात केलीस, छान चाललं होतं, तुझी नजर माझ्यावर पडली आणि तुझा हात जागच्या जागी थांबला. पुढचं काही आठवेना. बाईंनी टाळ्या वाजवून तुला आत नेलं. घरी आल्यावर तू हुंदके देत म्हणालीस, "बाबा, तुम्ही समोर बसू नका. तुमचं तोंड बघितलं की वाटतं, आत्ता काहीतरी पडणार." तुझी आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "खरंय बाई, यांचं तोंड म्हणजे घराला आग लागल्याची वर्दी." मीही हसलो. काय करू, माझा चेहराच तसा. गिऱ्हाइकाचं माप घेतानासुद्धा लोक विचारायचे, मास्तर, माझ्या पाठीत काही दोष आहे का?

तेव्हापासून मी खांबामागे बसायला लागलो. शाळेच्या बँडमास्तरांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्यांनी त्यांची काडी तुझ्या हातात दिली, तेव्हा मी खांबामागेच होतो. पुढे तू मोठ्या शहरात शिकायला गेलीस, आणि सुट्टीत आलीस तेव्हा जेवताना म्हणालीस, मला वाजवायचं नाही, वाजवून घ्यायचंय. समोरच्या वाण्याला मी अभिमानाने सांगितलं, मुलगी कंडक्टर होतेय, तर तो म्हणाला, बरंय, पास मिळेल. मी तुला ते सांगितलं तेव्हा तू खो खो हसलीस आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "बाबा, आता बसा कुठेही. माझी पाठच असणार तुमच्याकडे." सगळे हसले. मीही.

पाठीचं म्हणशील तर तुझी पाठ माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा खाली, तो मी आतून कापूस भरून सारखा करतो. पण पहिला कोट माझा फसला होता, आठवतं ना? तू मोठ्या कंडक्टरसाहेबांची मदतनीस होतीस. रिकाम्या सभागृहात मागे बसून, पितळी वाद्यांखाली बासरी दबते का ते ऐकायचं आणि साहेबांच्या कानात सांगायचं. वर्षानुवर्षं तेच. आम्हाला वाटायचं, ही नुसती ऐकतच म्हातारी होणार. आणि एक दिवस साहेबांची कंबर धरली आणि तुझा निरोप आला, उद्या मी उभी राहतेय, कोट घेऊन या. मी कारकुनाला शिवतो तसा कोट शिवून आणला, हात खाली सोडून घेतलेल्या मापाचा. तू घातलास, दोन्ही हात वर केलेस आणि सगळा कोट कानापर्यंत चढला. तिथेच, आतल्या खोलीत मी मुंढे उसवले, वर घेतले, बगलेत जादा कापडाच्या कळ्या घातल्या, आणि तुला रंगमंचावर न्यायला माणूस आला तेव्हा तुझी आई शेवटचे टाके घालत होती. मी बाहेर जाऊन मागच्या रांगेत बसलो. ती मात्र सुईत दोरा ओवून रंगमंचाच्या कडेला पडद्याआड उभी राहिली, न जाणो काही सुटलं तर.

संगीत मी ऐकलं नाही. मी माझी शिवण बघत होतो. तुझे हात वर गेले की मी श्वास धरायचो, खाली आले की सोडायचो. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा मला कळलं, संपलं, आणि फाटलं नाही. परतीच्या गाडीत तुझी आई सुईतला दोरा काढून बोटाला गुंडाळत बसली. शेवटी मीच विचारलं, काय गं? तर म्हणाली, "तुम्ही तिची पाठ बघितलीत. मी तोंड बघितलं." कसं होतं, विचारलं तर म्हणे, "सांगून कळायचं नाही. एकदा पलीकडे जाऊन बसा."

पलीकडे कुठला जातोय. पुढे तुझं नाव झालं, गावोगाव बोलावणी आली, आणि मग तो दूरचा मोठा ऑर्केस्ट्रा तुझा झाला. पहिल्याच तालमीला म्हाताऱ्या शिंगवाल्याने मुद्दाम चुकीचा सूर लावला, बाईला कळतं का बघायला. तू थांबवलं नाहीस. पुन्हा ती जागा आली तेव्हा तू आधीच त्याच्याकडे बघितलंस आणि नुसती मान हलवलीस, जणू तो बरोबरच वाजवणार. त्याने बरोबर वाजवलं. तू तुझ्या आईला फोनवर सांगत होतीस आणि मी शेजारून ऐकत होतो. "ओरडले असते तर तो जिंकला असता, आई." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्याने तुझं तोंड बघितलं. दीडशे परकी माणसं ते रोज बघतात. जमेल तिथे मीही आलो कार्यक्रमांना, प्रत्येक वेळी माझ्या वाट्याला माझीच शिवण. आणि निरोप घेतानाही तुझी तीच सवय, मागे वळून बघायचं नाही. वळलं की पाय निघत नाही म्हणतेस. मी काही म्हणत नाही. मला तुझी चाल पाठमोरी लांबूनसुद्धा ओळखू येते.

तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला पुन्हा विचारलं. ती उशीला टेकून पडली होती, मी पांघरुणाची किनार शिवत होतो. म्हटलं, आता तरी सांग, पोरीच्या तोंडावर काय बघितलंस? माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्ता तुमचं होतं ना, सुईत दोरा ओवताना, अगदी तस्सं." एवढंच. तू आलीस, सगळं पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला गेलीस. गेलीस ते बरंच केलंस, मीच जा म्हणालो होतो. घर रिकामं झाल्यावर मी काय केलं, हसू नकोस. दुकानातला मोठा आरसा समोर घेतला, सुई धरली आणि बघायला गेलो की आपण दिसतो कसे. पण सुईकडे बघावं तर आरसा दिसत नाही आणि आरशात बघावं तर दोरा जात नाही. कितीदा केलं. काका म्हणाले, मास्तर, या वयात कुणाला दाखवायला नटताय?

काकांच्या सुनेने मोबाइलवर तुझा कार्यक्रम लावून दिला होता. तळहाताएवढी काच. तुझं तोंड येतंय येतंय म्हणेपर्यंत बासरीवाला येतो. आणि खरं सांगायचं तर आलं तरी मला ते धुरासारखं दिसतं.

म्हणून मागच्या आठवड्यात मी सभागृह बघून आलो. तुझ्या उभं राहायच्या चौथऱ्याला मागे कठडा आहे का ते बघायचं होतं. तू रंगात आलीस की मागे सरकतेस, माझा जीव टांगणीला लागतो. कठडा आहे, हलवून बघितला, पक्का आहे. तिथला रखवालदार भला माणूस. मी टेलर आणि कोट माझा, म्हटल्यावर त्याने वरती चढू दिलं. पार मागे, त्या तांब्याच्या मोठ्या नगाऱ्यांच्या मागे, भिंतीला लागून जागा आहे. मी तिथे उभा राहिलो आणि त्याला चौथऱ्यावर उभं केलं. म्हटलं, हात वर करा. बिचाऱ्याने केले. लख्ख नाही, पण त्याच्या मिशा दिसल्या मला, आणि तो हसला तेव्हा हसला हेही कळलं. म्हटलं, इथे एक खुर्ची टाकता येईल का? तर म्हणाला, "आजोबा, मी दहा टाकीन. पण ती जागा वाजवणाऱ्यांची, बाईंनी स्वतः सांगायला हवं."

तर पोरी, पत्राचं कारण हे. सोबत तिकीट परत पाठवतोय. रागावू नकोस. मला नगाऱ्यांच्या मागे बसायचंय, तुझ्यासमोर. शाळेतला तो दिवस मी विसरलेलो नाही आणि म्हणूनच फोनवर माझी जीभ रेटत नव्हती. पण मी काळे कपडे घालून येईन, खोकणार नाही, कॉलर नीट कर म्हणून खुणा करणार नाही. काका रोज दुपारी माझ्यासमोर स्टुलावर बसतात आणि मी तोंड सरळ ठेवायची सवय करतोय. ते म्हणतात, आता नुसतं दात दुखल्यासारखं दिसतं, म्हणजे सुधारणा आहे. तरीही हात थांबेल असं वाटत असेल तर निःसंकोच नाही म्हण, मी मधल्या खुर्चीत बसून शिवण बघेन, मला तिचीही सवय आहे. तू त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर पुढच्या गावाला निघणार, हे रखवालदाराने सांगितलं. तशीच नीघ. मी हे पुढचं लिहितोय म्हणून थांबू नकोस, तिथल्या लोकांनी तिकिटं काढली असतील. डावा डोळा माझा कधीचाच गेला, ते तुला सांगितलं नव्हतं. उजव्याचा आतला पडदा सुटत चाललाय. तुझ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं ऑपरेशन आहे. काका येतायत सोबत. डॉक्टर माणूस सरळ आहे, म्हणाला, पट्टी बरेच दिवस राहील आणि सोडल्यावर काय दिसेल ते मी आज सांगत नाही. माझी तक्रार नाही, या डोळ्यांनी पुष्कळ शिवलं. फक्त तेवढे दिवस पट्टीच्या आत बघायला मला काहीतरी हवंय.

तुझाच,
बाबा